उशिरा येणाऱ्यांस शिक्षा

आमच्या पुण्याच्या मोठ्या साहेबांना व्यवस्थापनाची पुस्तकं वाचायचं व्यसन होतं. वाचायचे ते, आणि भोगायचो आम्ही. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचा ट्रॅक्टरचे नट-बोल्ट करायचा छोटा कारखाना होता. ऐंशीच्या दशकातल्या पंजाबच्या रोजच्या गोळीबाराच्या बातम्यांना वैतागून तिथला मॅनेजर राजीनामा देऊन गेला आणि आता तिकडे कोण जाणार असा प्रश्न पडला. माझ्या वरच्या चौघांना एकाच आठवड्यात पाठदुखी सुरू झाली. मी एकतिशीचा, बिनलग्नाचा आणि पाठीने ठणठणीत. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून "तुझ्यात नेतृत्वगुण दिसतात" असं सांगितलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

जाताना त्यांनी दोन कामं सांगितली. एक म्हणजे कामगार फार उशिरा येतात, ते तीन महिन्यांत सुधारायचं. नाही सुधारले तर सगळ्यात जास्त उशिरा येणाऱ्या तिघांची नावं कळवायची, त्यांना काढून टाकू. दुसरं म्हणजे लीडरशिपवर भरपूर वाचायचं आणि काय वाचलं ते पत्रातून कळवायचं. मला लेथ मशीन कळत होतं, माणसं कळत नव्हती. तेव्हा मी आधी दुसरं काम हाती घेतलं.

सेक्टर सतरातल्या पुस्तकांच्या दुकानात गेलो, तर त्या दिवशी कुठल्याशा बंदची हाक होती. शटर निम्मं खाली. थोर नेता होण्यासाठी मी वाकून, जवळजवळ रांगत आत शिरलो. मालकाने आधी बँकेच्या परीक्षेची गाइडं काढली, मग टायपिंग शिकायचं पुस्तक काढलं, आणि मी मान हलवतच राहिलो तेव्हा वरच्या फळीवरून धूळ झटकून तीन अमेरिकन पुस्तकं दिली. प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर हाताची घडी घातलेला एक गोरा माणूस, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवणारा. इतकं हसण्यासारखं त्याच्या कारखान्यात काय घडत होतं कोण जाणे.

एकात लिहिलं होतं, मॅनेजरने आपलं दार सदैव उघडं ठेवावं. आम्हाला पोलिसांनी फाटकसुद्धा बंद ठेवायला सांगितलं होतं. दुसऱ्यात होतं, सहकाऱ्यांना अधूनमधून रात्री जेवायला न्यावं. इथे दिवे लागले की बस बंद व्हायच्या, रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. कर्फ्यूचं प्रकरण मी तिन्ही पुस्तकांत शोधलं. नव्हतं. मग विद्यापीठाच्या लायब्ररीत गेलो, तर तिथे दोन जामीन हवे होते. गावात माझ्या ओळखीचे नेमके दोघेच, घरमालक आणि दूधवाला. घरमालकाचं माझ्याविषयीचं मत फारसं चांगलं नव्हतं.

शेवटी सेक्टर पंधरात जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक पुस्तक मिळालं. आधीच्या मालकाने चाळीस पानांपर्यंत प्रत्येक ओळीखाली रेघ मारली होती आणि पुढे बहुधा नोकरी बदलली होती. त्यातलं एक वाक्य मला एकदम पटलं. नियम लेखी असावा, थोडक्यात असावा आणि कामगारांच्या भाषेत असावा. व्वा, म्हटलं, हे जमण्यासारखं आहे. कामगारांची भाषा म्हणजे हिंदी, आणि हिंदीचं काय, आपल्याला येतेच. मराठी माणसाचा हा समज किती पक्का असतो ते वेगळं सांगायला नको. कुणालाही न विचारता मी खडू घेतला आणि फाटकाजवळच्या फळ्यावर ठसठशीत लिहिलं: "देर से आनेवाले हर आदमी को शिक्षा दी जाएगी। शनिवार, दोपहर तीन बजे।"

दम भरल्यासारखं वाटलं. दिवसभर मी केबिनच्या काचेतून कामगारांचे चेहरे पाहत होतो. कुणी घाबरलं नाही. उलट दोघंतिघं माझ्याकडे बघून हसले, एकाने तर नमस्कारही केला. काय निगरगट्ट लोक आहेत, असं मी त्या दिवशीच्या पत्रात लिहिलं.

शनिवारी तीन वाजता केबिनचं दार उघडलं तर बाहेर अकराजण ओळीने बसलेले. हात स्वच्छ धुतलेले, काहींच्या मांडीवर नव्या वह्या. सगळ्यांत पुढे आमचे फोरमन. पन्नाशी उलटलेले सरदारजी, पांढरी दाढी, सगळे त्यांना उस्तादजी म्हणायचे. नुसत्या आवाजावरून मशीनचं हत्यार बोथट झालंय हे सांगणारा माणूस, आणि उशिरा येणाऱ्यांत पहिला नंबरही त्यांचाच. ते हात जोडून म्हणाले, "साहबजी, शुरू करो. पहले मशीन की ड्रॉइंग पढ़ना सिखा दो."

माझी चेष्टा चाललीय असं वाटून माझं डोकं फिरलं. मी ओरडणार एवढ्यात एका पोराच्या वहीवर नजर गेली. पहिल्या पानावर वर छान अक्षरात 'शिक्षा' लिहून खाली रेघ ओढली होती, शाळेत ओढतात तशी. मग ट्यूब पेटली. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! मला म्हणायची होती ती सज़ा. मी महिनाभर नेतृत्व वाचून अकरा माणसांना शाळेचं आमंत्रण दिलं होतं.

आता खरं सांगायची लाज वाटली, म्हणून शिकवायला बसलो. ड्रॉइंग तेवढं मला येत होतं. आठवड्यातून दोनदा वर्ग सुरू झाला, आणि माल बाद व्हायचं प्रमाण दिसण्याइतकं कमी झालं. उशीर मात्र होता तसाच राहिला. तीन महिने संपत आले. साहेबांचं पत्र आलं: तिघांची नावं पाठव. हजेरीपुस्तकात सगळ्यांत वर उस्तादजीच होते. घरात दोन लग्नाच्या मुली आणि हीच एक नोकरी. मला दोन रात्री झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना सरळ विचारलं, रोज उशीर का होतो? हा प्रश्न मला तीन महिन्यांत सुचला नव्हता, कारण चारही पुस्तकांत तो नव्हता. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, एक दिवस माझ्या बसने या.

त्यांचं गाव मुल्लानपूरच्या पलीकडे. मी पहाटेच्या गाडीने तिथे गेलो आणि तिकडून सुटणाऱ्या पहिल्याच बसने त्यांच्यासोबत परत निघालो. वाटेत तपासणीचे चार नाके लागले. प्रत्येक नाक्यावर बस थांबायची, जवान आत यायचा आणि पगडीवाल्यांना तेवढं खाली उतरवायचा. ते रांगेत हात वर करून उभे. मला कुणी काही विचारलं नाही. मी खिडकीपाशी बसून होतो. तिसऱ्या नाक्यावर जवानाने उस्तादजींचा डबा उघडून काठीने पराठे उलथेपालथे केले. चौथ्या नाक्यावर ते कुणी सांगायच्या आधीच उठले आणि दारातून उतरतानाच त्यांचे हात वर गेले. मला आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मी जागचा हललो नाही.

कारखान्यात पोचलो तेव्हा सव्वा तास उशीर झाला होता. मी हजेरीपुस्तक पुन्हा उघडून पाहिलं. उशिराच्या अकराही नावांपुढची गावं त्याच रस्त्यावरची होती, अकराहीजण पगडीवाले. रोज सही करत होतो त्या पानांवर, आंधळ्यासारखा.

त्या दिवशी मी साहेबांना अगदी शुद्ध मराठीत पत्र लिहिलं. "उशिरा येणाऱ्या सर्वांना शिक्षा सुरू केली आहे. आठवड्यातून दोनदा, न चुकता. फोरमनला स्वतः जातीने देतो. परिणाम उत्तम, बाद माल कमी झाला आहे. तूर्त कुणाला काढू नये." पत्रात एक अक्षर खोटं नव्हतं, फक्त एक शब्द हिंदीतला होता. आठ दिवसांनी उत्तर आलं: शाब्बास, असाच कडक राहा, नावं नकोत, आणि ही पद्धत कुठल्या पुस्तकात सापडली ते कळव.

वर्गानंतर मी उस्तादजींना थांबवून सगळं सांगितलं. फळ्यावरची चूक, साहेबांचं पत्र, तिघांची नावं, सगळं. नोकरी वाचली हे ऐकून ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी पगडीखालचं कपाळ पुसलं. मग बराच वेळ हसले. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "मतलब, सज़ा को आपकी मराठी में शिक्षा कहते हैं?"

हो म्हटलं.

"तो नाके पर रोज़ जो मिलती है, वो आपवाली शिक्षा है," ते म्हणाले. "किस कसूर की, ये आपकी किताबों में कहीं लिखा हो तो बताना, साहबजी."

मग त्यांनी वही पुढे सरकवली आणि शेवटचं ड्रॉइंग पुन्हा एकदा समजावून द्यायला सांगितलं.