जबड्यातले सात दात

तीस वर्षं कवळ्या बनवण्यात गेली, म्हणून संग्रहालयात सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. दातांचा दवाखाना बंद झाला तेव्हा मेहुण्याने त्यांना इथे चिकटवून दिलं. काम काय, तर दगडात अडकलेली हाडं सुईने मोकळी करायची. "आधी जिवंतांचे जबडे भरत होतो, आता मेलेल्यांचे उकरतो," असं ते सांगत आणि स्वतःच हसत.

बायको गेल्यापासून ते हसणं बंद झालं. पाचव्या दिवशी ते कामावर हजर होते. रडले नव्हते. लेक रोज फोन करून "बाबा, जेवलात का?" विचारी. ते "हो" म्हणत, आणि फोन ठेवल्यावर खरंच जेवलो का, हे त्यांना आठवत नसे. न्हाणीघरातल्या फळीवर बायकोची कवळी वाटीत तशीच होती, त्यांनीच बनवलेली. वाटीतलं पाणी आटलं, तरी त्यांनी तिला हात लावला नाही.

सध्या टेबलावर टेरोसॉरचा जबडा होता. डायनासोरच्या काळात कातडीच्या पंखांनी उडणारे हे प्राणी. सुरुवातीच्यांना दात असत. पुढे काही घराण्यांचे दात गेले, नुसती चोच उरली. खाणीतून नव्याने आलेला हा जबडा बिनदातांचाच, अशी नोंद संशोधक बाईंनी करून टाकली होती.

एका सकाळी जबड्याच्या मागच्या बाजूला सुई अडली. दगड कुठला आणि दात कुठला, हे त्यांच्या बोटांना सांगावं लागत नसे. दुपारपर्यंत सात दात उघडे पडले, तांदळाच्या कणीएवढे. टोकाकडे मात्र एकही नाही.

"बाई, याला दात आहेत."

"काका, भुकेने डोळे फिरले असतील तुमचे."

"तीस वर्षं दुसरं काय पाहिलंय मी?"

बाईंनी भिंगाला लावलेला डोळा बराच वेळ काढला नाही. मग त्या खुर्ची ओढून बसल्या. "पुढचे गेलेत, मागचे अजून आहेत. म्हणजे चोच एका दमात आली नाही. दात जाता जाता सापडलाय हा आपल्याला." त्या काकांकडे वळल्या. "काका, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

काकांनी जरा विचार केला. "वाटेल. सध्या नाही वाटत."

बाईंनी आपला डबा उघडला, अर्धा त्यांच्यापुढे सरकवला. ते जेवले.

संध्याकाळी फोनवर त्यांनी लेकीला सात दातांचं सांगितलं. ती म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, हा माणूस मेलेल्यांनाही सोडत नाही." हसता हसता ती रडायला लागली. काकांचे डोळे कोरडेच राहिले. तिचं रडू ओसरेपर्यंत त्यांनी फोन कानाला धरून ठेवला, मध्ये एकदा हात बदलला.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला गेले. बाईंनी जुनी नोंद खोडून नवी लिहिली होती. जबड्याची डावी बाजू अजून दगडातच होती. त्यांनी दिवा जवळ ओढला.