बाकाखालचा दोरा

अन्याय झाला तो माझ्या बाकावरच्या मुलीवर. दहावीत, दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सोमवारी, रसायनशास्त्राच्या चाचणीत. हे आधीच सांगते, कारण 'तेव्हा काहीतरी झालं होतं म्हणे' असं लोक म्हणतात आणि विषय तिथंच विझतो.

आमची मराठी शाळा उधन्यात, गुजराती मुलखात. ती मुलगी पांडेसऱ्याहून यायची. माणसं धुळ्याकडची, बाप कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये, घरी मायलेकी दोऱ्यांत मणी ओवून ब्लाउजची लटकनं बनवायच्या. लटकनाचा नियम एकच: एकही दोरा मोकळा लोंबता कामा नये, नाहीतर सेठ माल परत करतो.

सरांनी फळ्यावर संयुजांची अदलाबदल शिकवली. याचा आकडा त्याच्या पायाशी, त्याचा याच्या पायाशी. आम्ही बाण काढत बसायचो, Mg₂O₂ लिहायचो आणि भाग द्यायला विसरायचो. तिनं बाण काढलेच नाहीत. तिच्या लेखी धातू म्हणजे दोरे, दुसरा म्हणजे मणी. मॅग्नेशिअमला दोन दोरे, क्लोराइडला एक भोक. "दोन मणी घे, झालं MgCl₂." ऑक्साइडला दोन भोकं, म्हणून तिथं एकच मणी पुरे. नाव घेतानाही आधी दोरा, मग मणी. "ॲल्युमिनिअमला दोरे तीन. ऑक्साइडचा मणी घातला की एक लोंबतो. मग कधी ॲल्युमिनिअम, कधी मणी, अजून घेत जायचं, लोंबायचं थांबेपर्यंत." थांबायचं ते Al₂O₃ वरच.

चाचणीत तिचे हात बाकाखाली होते. बोटं चालू. सर येऊन उभे राहिले.

"हात वर! मुठीत काय?"

"दोरा, सर."

"पेपर लिहितेस की ब्लाउज शिवतेस?"

वर्ग खो खो हसला. चिठ्ठी काही सापडली नाही. मग सरांनी पेपर उचलला. उत्तरं सगळी बरोबर आणि बाण एकही नाही.

"पायऱ्या कुठायत? कुणाचं उतरवलंस?"

मी उठले. "सर, ती तशीच काढते. विचारा तरी तिला."

"तू वकील का तिची? बस खाली."

तिला शून्य मिळालं. वर लाल शाईत 'कॉपी'.

अकरावीला ती सायन्स मागायला गेली तेव्हा त्याच सरांनी 'कॉपीवाल्यांना नाही' म्हणून परत पाठवलं. आई म्हणाली, "जाऊ दे बई, तुना हात चांगला शेतस."

आहेतच चांगले. अजून लटकनंच बनवतात. परवा तिच्याकडे गेले, सहज विचारलं, "कॅल्शिअम फॉस्फेट?" मान वर न करता म्हणाली, "तीन कॅल्शिअम, दोन फॉस्फेट. आता सरक, माल द्यायचाय."

हीच गोष्ट छापून मी शाळांच्या फाटकांवर पत्रकं वाटते. कंटाळा आलाय, खरं सांगते. खमणवाल्यानं मला माझ्याच पत्रकात खमण बांधून दिलं. शिक्षक म्हणतात, वर्ग मोठे, पोर्शन मागे. मान्य. मीही दमलेय. पण त्या दिवशी एक प्रश्न विचारायला पेपर तपासण्यापेक्षा जास्त वेळ लागला नसता.

म्हणून तुम्ही, जे कुठल्याही वर्गात पेपर हातात घेऊन उभे राहता, ते ऐका. उत्तर बरोबर आहे आणि रीत तुमची नाही, तर लाल पेन खाली ठेवा. त्या पोरीला विचारा, "कसं काढलंस?" आणि ती सांगेपर्यंत तिच्या बाकापासून हलू नका.