वर्षाराणीचा अमावस्येचा डबा

आण्णा पाटील तीस वर्षं साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. पास नसला तर साहेबाच्या मेहुण्यालाही त्यांनी आत सोडलं नाही, आणि ही गोष्ट ते आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. पण कसबा बावड्यातल्या त्यांच्या स्वतःच्या घराला दिवसाउजेडी कधी कडी लागली नाही. दारात आला तो पावणा. त्याला आधी आत घ्यायचं, चहा पाजायचा आणि काम मागनं विचारायचं, अशी त्यांची रीत.

घराची खरी राखण केली ती सुनेनं. वर्षाराणी बारावी शिकलेली. गल्लीतल्या बायकांचे फॉर्म भरून द्यायला तिनं एक जुना कंप्युटर घेतला आणि त्याबरोबर घराला नियमही लावले. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, ओटीपी विचारला की फोन ठेवून द्यायचा, अनोळखी लिंकला हात लावायचा नाही. आणि दर अमावस्येला नवरा, अमरसिंह, मोटरसायकलला लिंबू-मिरची बांधत असायचा, तेव्हा ही कंप्युटरमधलं सगळं एका छोट्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची. मग वायर काढून डिस्क स्टीलच्या डब्यात घालायची आणि डबा स्वयंपाकघरात कडधान्याच्या फळीवर ठेवायची. कंप्युटरचीपण अमावस्या पाळतीया, म्हणून आण्णा पोट धरून हसायचे.

त्या कंप्युटरमध्ये आण्णांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला. त्यांची बायको धोंडुबाई जाऊन चार वर्षं झाली होती. शेवटच्या आजारपणात वर्षाराणीनं सासूच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करून कंप्युटरमध्ये ठेवल्या होत्या. तो फोन पुढं गोठ्यात म्हशीच्या पायाखाली गेला, राहिलं ते कंप्युटरमध्येच. रोज सकाळी धारा काढून झाल्या की आण्णा खुर्ची ओढून बसायचे, ओव्या ऐकायचे आणि शेवटची ओवी संपताक्षणी बंद करायचे. पुढची शांतता त्यांना सोसत नसे.

मार्चमधल्या एका दुपारी आण्णा घरात एकटेच होते आणि फोन आला. बोलणारा भलताच आदबशीर. तुमच्या कंप्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, आत्ताच काढला नाही तर सगळं जाईल, म्हणाला. सगळं जाईल म्हटल्यावर आण्णांना धोंडुबाईच आठवली. त्यांनी आपल्या रीतीप्रमाणं पावण्याला जेवणाचं विचारलं. अजून नाही काका, तुमचंच काम करतोय, असं उत्तर आल्यावर तर आण्णा विरघळलेच. तो सांगेल ते बटण त्यांनी दाबलं आणि पडद्यावरचे नऊ आकडे चष्मा पुसून वाचून दाखवले. मग बाण आपोआप फिरायला लागला. थोड्या वेळानं पडदा काळा झाला, त्यावर इंग्रजी मजकूर आला आणि पलीकडून फोन कट झाला.

वर्षाराणी दळण घेऊन आली तेव्हा आण्णा डोक्याला हात लावून बसले होते. त्यांनी घडलं ते सगळं सांगितलं. तिनं आधी इंटरनेटची वायर उपसली, मग मजकूर वाचला. सगळ्या फायलींना कुलूप लागलं होतं आणि सोडवायच्या तर पैसे भरा, असं लिहिलं होतं.

"तुझी सासू दुसऱ्यांदा गेली गं पोरी," आण्णा म्हणाले. "आणि दार मीच उघडलं."

ती एका शब्दानं रागावली नाही. बँकेला कळवलं, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, अमरसिंहच्या फोनवरून एकेक पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी कंप्युटर दुरुस्त करणारा धैर्यशील आला आणि त्यानं आतलं सगळं पुसून कंप्युटर नव्यानं लावून दिला. तो गेल्यावर वर्षाराणीनं फळीवरचा डबा काढून त्यातली डिस्क जोडली. अमावस्या होऊन नऊच दिवस झाले होते. ज्या ज्या अमावस्येला आपण हसलो, ती प्रत्येक आण्णांना त्या घडीला आठवली आणि लाज वाटली.

ओव्या सुरू झाल्या. तोच आवाज, जरा दमलेला. आण्णांच्या डोळ्यांना धार लागली. शेवटची ओवी संपली तसा त्यांचा हात सवयीनं बंद करायला गेला, पण वर्षाराणीनं अडवलं. फाईल शेवटपर्यंत उतरली का ते आपण नेहमी ऐकून बघतो, म्हणाली.

थोडा वेळ काहीच नाही. मग खोकला, आणि धोंडुबाई बोलली.

"वर्षे, माझ्या मागनं कडी तू लावत जा बाई. ह्यो माणूस गेटवर वाघ, पर घरात कुणालाबी दार उघडतोय. त्येला एकट्याला सोडू नगं."

आण्णांनी पडद्यावरची नजर सुनेकडं वळवली.

"तुला हे ठावं हुतं?"

"व्हय की. दर अमावस्येला ऐकतोय मी."

"लई उपकार हाईत पोरी तुझं," आण्णा म्हणाले. सुनेला असं काही म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ. मग ते उठले आणि भर दुपारी जाऊन दाराला आतनं कडी घातली.