सलाइनच्या बाटलीवरची दुहेरी रेघ

असल्या गोष्टी मी आजवर फक्त वाचल्या, त्याही करमणूक म्हणून. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातले अंगारे-धुपारे बंद झाले. कोणी काही दिसलं म्हणालं, की कोणी पाहिलं, किती उजेडात पाहिलं, असं विचारणाऱ्या बापाच्या हाताखाली मी वाढलो, आणि पुढे सगळी नोकरी कॉलेजच्या लायब्ररीत केली. त्यामुळे इथे लिहायला संकोच वाटतो... पण माय जाऊन आठ महिने झाले, आणि त्या दुपारचं काय करावं हे मला अजून समजलेलं नाही.

वर्धा जिल्ह्यातलं एक ग्रामीण रुग्णालय. गावाचं नाव देत नाही. तिथली माणसं अजून तिथेच राबताहेत. बायकांचा वॉर्ड तळमजल्यावर, बारा खाटांचा. मायची खाट खिडकीपासून दुसरी. खिडकीबाहेर कंपाउंडची भिंत आणि तिच्यापलीकडे संत्र्याची बाग.

माझी थोरली बहीण, प्रमिलाताई, याच वॉर्डात बावीस वर्षं सिस्टर होती. कागदावर सात सिस्टर, प्रत्यक्षात तीन, म्हणजे पाळीला एक. त्या एकीनेच बाळंतपणं करायची आणि वॉर्डही पाहायचा. सगळ्या सलाइनींवर नजर ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून तिने एक युक्ती काढली होती. बाटलीवर वरपासून खालपर्यंत चिकटपट्टीचा एक उभा तुकडा लावायचा. त्यावर निळ्या पेनाने आडव्या रेघा आणि रेघेशेजारी तास—किती वाजता पाणी कुठवर उतरायला हवं ते. आकडे मराठी, कारण खाटेशी बसलेल्या बाईला ते वाचता आले पाहिजेत. आणि अगदी तळाशी दुहेरी रेघ. "पाणी या दोन रेघांवर आलं का जागेवरून हलजो नको, मले आवाज देजो," हे ती प्रत्येकाला सांगायची. बाकीचं हॉस्पिटल इंग्रजी आकडे लिहायचं. ताईच्या तीनची शेपटी खाली जाऊन परत वर वळलेली असायची. शाळेत त्यावरून तिने मारही खाल्ला होता.

दोन वर्षांपूर्वी लागोपाठ दोन पाळ्या करून ती क्वार्टरवर गेली आणि झोपेतच वारली. तिची जागा भरली गेली नाही. पदांच्या सुधारित आकृतिबंधाला मंजुरी मिळेपर्यंत नवी नेमणूक करता येणार नाही, असा शेरा घेऊन फाइल दोनदा परत आली. मधे कंत्राटावर एक मुलगी आली होती. कंत्राट संपलं तशी तीही गेली.

वैशाखात मायला ताप भरला, खाणंपिणं सुटलं. तळेगावहून मी तिला गाडी करून आणलं. डॉक्टर एकटेच, ओपीडीही त्यांची आणि पोस्टमॉर्टेमही त्यांचंच. सिस्टरही एकटी, छाया नावाची, ताईच्याच हाताखाली शिकलेली. दुसऱ्या दिवशी बारा वाजता तिने मायला नवी बाटली लावली, पाच वाजेपर्यंत पुरेल म्हणाली. सुई जागेवर राहावी म्हणून हातावर बँडेज गुंडाळलं. चिकटपट्टी दोन महिन्यांपासून आलेली नव्हती, खरेदीवर बंधन होतं. बाजूच्या खोलीत एक पहिलटकरीण कळा देत होती, छाया तिकडे पळाली.

माय शुद्धीवर होती. मी पुस्तक उघडलं तर म्हणाली, "वाच. मले पाणी ते पुस्तकच पाजन आता." शेजारच्या खाटेवरच्या वच्छलाबाई हसल्या. कारंज्याच्या बाजारात भाजी विकायच्या त्या.

दोनच्या सुमारास डॉक्टर आले. मायची नाडी पाहिली, रक्त काढलं आणि नळी माझ्या हातात दिली. तिथल्या लॅबच्या तंत्रज्ञाची जागाही रिकामी होती, आणि गावातल्या खाजगी लॅबमध्ये ती तपासणी होत नव्हती. नळी चारच्या आत वर्ध्याला पोचवा, रिपोर्ट पाहून मायला तिकडे हलवायचं का ते ठरवू, असं सांगून ते ओपीडीकडे गेले. अॅम्ब्युलन्स बाहेरगावी होती. पावणेतीनची एसटी मिळाली तरच पोचणार होतो.

नळी शर्टच्या खिशात ठेवली. बाहेरून पाण्याची बाटली आणि बिस्किटं आणून मायच्या उशाशी ठेवली. यात दहा-बारा मिनिटं गेली असतील. वच्छलाबाई म्हणाल्या, "जा ना भाऊ, मी पाह्यतो मायकडे."

तेव्हा माझं लक्ष सलाइनकडे गेलं.

बाटलीवर पांढरी पट्टी होती. वरपासून खालपर्यंत, सरळ. निळ्या रेघा. १... २... ३. तीनची शेपटी वर वळलेली. आणि त्या तीनखाली दुहेरी रेघ. तिच्या खाली पट्टी कोरी होती, अन् बाटलीत त्या रेघेखाली अजून दोन तासांचं पाणी होतं.

मी वच्छलाबाईंना विचारलं, छाया सिस्टर आल्या होत्या का. कोणीच आलं नाही म्हणाल्या. त्या जाग्या होत्या, वॉर्ड उजेडाने भरलेला होता. मी बाळंतपणाच्या खोलीच्या दारात गेलो. छाया रक्ताच्या हातांनीच दाराशी आली. पट्टीबद्दल विचारलं तर वैतागली.

"मी काऊन लावू भाऊ? बारापासून इथून हलली नाई मी. अन् पट्टी हाय कुठं आपल्याकडं?"

मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "मराठी आकडे हायेत का?"

मी होकारार्थी मान हलवली. आतून त्या पहिलटकरणीने हाक मारली, तशी ती वळली.

परत आलो तेव्हा दोन चाळीस झाले होते. स्टँड पाच मिनिटांवर. गेलो तर रिपोर्ट येणार, मायला वर्ध्याला हलवता येणार... नाही गेलो तर डॉक्टरांच्या हातात काहीच नाही. मी चप्पल घालून खाटेशी उभा राहिलो. रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, तेव्हाही उभाच होतो.

मायने डोळे उघडले. "नाई गेला?"

"नाई."

"मंग उभा काऊन राह्यला? बस."

मी तिच्या खाटेवर बसलो. तिने पाणी मागितलं. मी दोन चमचे पाजलं, तिसरा ओठातून खाली आला. माझी बोटं तिच्या मुठीत होती. मूठ कधी सैल झाली, हे मला नेमकं सांगता येणार नाही. छाया आली, तिने मनगट धरलं, मग सलाइनची कळ बंद केली. आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं. पाणी दुहेरी रेघेवर होतं.

डॉक्टर नंतर म्हणाले की रिपोर्ट संध्याकाळपर्यंत आलाच नसता, तुम्ही गेला असतात तरी फरक पडला नसता. ते भले गृहस्थ आहेत. दुसरं काही असतं तरी त्यांनी मला हेच सांगितलं असतं. बाटली नियमाप्रमाणे कचऱ्याच्या पिशवीत गेली. छायाने मला विचारलं होतं, ठेवायची का. मी मायचं पांघरूण सारखं करत राहिलो.

पट्टी कोणी लावली, ती कुठून आली, मला माहीत नाही. पण लोक समजतात तसं मला ते गूढ छळत नाही. ताई ड्यूटीवर असली की नातेवाइकांना अशा कामांना बिनधास्त पाठवायची—"जा तू, मी हावो इथं." त्या दुपारी मात्र मला थांबवणारी तीच असेल, तर जाऊन उपयोग नव्हता, आणि मायला एकटं मरू द्यायचं नाही म्हणून तिने थांबवलं. ती नसेल, तर चिकटपट्टीच्या एका तुकड्यावर विश्वास ठेवून मी मायचं रक्त खिशात घेऊन बसून राहिलो.

यातलं खरं कोणतं, हे सांगणारं कोणी मला भेटलेलं नाही.