आंबिलीचं मडकं आणि माझं तोंड

थंडीला मी आयुष्यात कधी भ्यालो नाही. हे मी वाकळीच्या आतून सांगायलोय, गुडघे पोटाशी घेऊन. बायकोनं ओढू नये म्हणून वाकळीचं एक टोक दाताखाली धरलंय, त्यामुळं शब्द इकडं तिकडं झाले तर सांभाळून घ्या.

थंडीचे किस्से आमच्या घरात या वाकळींसारखेच साठलेत. उन्हाळाभर माळ्यावर पडून असतात आणि दिवाळी सरल्यावर एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात. आमचं गाव पालमपासून थोडं आत. घरात थोरला भाऊ अण्णा, त्याच्या पाठीवर मी, आणि आमच्या दोघांच्या बायका. पोरं पुण्याला. अण्णा कमी बोलतो. त्याच्या वाटणीचं मी बोलतो.

* * *

लहानपणी थंडीत खोबरेल तेल थिजायचं. आई बाटली चुलीमागच्या उबदार कट्ट्यावर, भाणुशीवर ठेवायची. एकदा मी बाटली लपवली आणि अण्णाच्या हातावर वाटीतलं पातळ तूप ओतलं. अण्णानं ते डोक्याला चांगलं चोळलं, भांग पाडला आणि शाळेला निघाला.

गल्लीतली सगळी कुत्री त्याच्या मागं. दुसरं पोरगं पळालं असतं, रडलं असतं. अण्णा चालत राहिला. मास्तरांनी विचारलं, ही वरात कुणाची? अण्णा म्हणाला, "बाळ्याला विचारा," आणि खाली बसला.

मार मला बसला. तुपाबद्दल आईचा वेगळा बसला.

* * *

आता आमच्या मालकिणीचं, म्हणजे बायकोचं ऐका. पाणी चुलीवर तापतं, पण न्हाणीघराला दार नाही, नुसता पडदा. वारा थेट पाठीत शिरतो. म्हणून मी एक युक्ती काढली. आत जायचं, तांब्यानं फरशीवर पाणी ओतायचं, तोंडानं हर हर करायचं आणि बाहेर यायचं.

तिसऱ्या चौथ्या दिवशी ती म्हणाली, साबण वाळलेला कसा काय? मी म्हणालो, मी जपून वापरतो. दुसऱ्या दिवशी आठवणीनं साबण ओला करून आलो.

ती पडद्याशीच उभी. म्हणाली, "आज साबण न्हालाय. टॉवेल अन् तुमी राहिलात."

* * *

नागोराव आमचा बांधशेजारी. माणूस सरळ, मिशी पांढरीफेक. मागच्या हिवाळ्यात पोराची सोयरीक बघायला चुडाव्याला निघाला होता. वाटेत त्याला आमच्या शेतातून हुरड्याचा वास आला आणि तो बसला आगटीपाशी. भाजलेली कणसं चोळून हात काळे झालेले, त्याच हातानं मिशी पुसायचा. उठताना मला विचारलं, तोंडाला काही लागलंय का? मी म्हणालो, एकदम पाव्हण्यात शोभायलाय.

तिकडं मुलीच्या बापानं त्याला नवरदेवाचा थोरला भाऊ समजून बाजूला बसवलं. वडील आल्याशिवाय चहा कसा द्यायचा म्हणून चहाच ठेवला नाही.

सोयरीक मात्र जमली. परत आल्यावर नागोराव एवढंच म्हणाला, "जमलं म्हणून आज सोडायलोय, बाळूभाऊ. आज."

* * *

आता मुद्द्याचं. आमच्याकडं थंडीतला खरा सण म्हणजे येळवस. अमावस्येला सगळं गाव आपापल्या शेतात जेवतं. कडब्याची खोपी, म्हणजे कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली आंबील, शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, सगळं घरून न्यायचं. आंबिलीचं मडकं घोंगडी पांघरून डोक्यावर न्यायचं.

आमच्या घरची एक जास्तीची रीत. मडकं डोक्यावर घेतलं की आपल्या कोपीत टेकवेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मधी शब्द निघाला तर मागं फिरून परत उंबऱ्यापासून सुरू. वडलांनंतर हे मडकं अण्णानंच नेलं.

त्याला बोलतं करायला मी काय केलं नाही? दरवर्षी वाटेत ओरडायचो, "अण्णा, धोतर सुटलं!" तो ढिम्म. एका वर्षी मात्र ते खरंच सुटलं. मी जीव तोडून ओरडलो. अण्णा दोन्ही हातांनी मडकं धरून, तशाच अवतारात, नुसत्या घोंगडीच्या भरवशावर शेतापर्यंत गेला. मडकं टेकवलं, नमस्कार केला, मग आईकडं वळून म्हणाला, "आज पहिल्यांदा हा खरं बोलला."

* * *

यंदा अण्णाच्या मानेला पट्टा लागला. डॉक्टरनं डोक्यावर काहीही घ्यायला मनाई केली. पोरांना सुट्टी नाही. अण्णा म्हणाला, टेम्पोत ठेवून नेऊ. मला ते लागलं. मी काय मेलो होतो? इतकी वर्षं मी त्या मडक्याच्या मागनं बडबडत चाललो, एकदा तरी ते माझ्या डोक्यावर यावं असं मला वाटत नसेल का? तसं बोललोही.

अण्णानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "डोक्याचा सवाल न्हाई बाळ्या. तोंडाचा हाय."

पण दिलं. सकाळी धुकं असं पडलेलं की हाताला हात दिसत नव्हता. घोंगडी भुवयांपर्यंत, वर मडकं, दोन्ही बाजूंना डोक्याएवढी ज्वारी. मागं अण्णा आणि बायका. मी ओठ असे आवळले की दाढ दुखायला लागली.

गावाबाहेर पडतो न पडतो तर मालकीण शेजारी आली आणि अगदी मायेनं विचारू लागली, आज सणाचं तरी खरं सांगा, अंघोळ केली का? मी गप. तशी ती मागं वळून वहिनीला म्हणाली, "बघा, न्हाईच केली."

खरंच केली होती हो! पण सांगू कसा?

वाटेतल्या ओढ्याजवळ नागोराव उभा. म्हणाला, वड्यात कुणाच्या तरी मोटारीचं पाणी सुटलंय, गुडघाभर चिखल हाय, पाय घसरला तर मडकं जाईल, माज्या मागनं बांधावरून या. मला विचारायचं होतं की अरे, कधी सुटलं, मी तर रात्रीच आलतो इकडून. विचारता येईना. मागं अण्णा होता, त्याला तोंड होतं, पण तो काही बोलला नाही. मी निघालो नागोरावाच्या मागं. मान पेटलेली, डोळ्यांत घाम, आणि धुक्यात एकदाची कोप दिसली. आत पांढरे पाच दगड.

मडकं टेकवलं. नमस्कार केला. इतका वेळ कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. म्हणालो, "बघ अण्णा! उंबऱ्यापासून इथवर एक शब्द न्हाई. तुला धोतर सांभाळता आलं न्हाई, मी तोंड सांभाळलं. आता कबूल कर!"

अण्णानं मानेचा पट्टा सारखा केला. कोपीकडं बघितलं, नागोरावाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लय चांगलं केलंस," तो म्हणाला. "आता उचल अन् चल घरी. ही कोप नागोरावाची हाय."