साक्षीदार तरणे हवेत

वडिलांनी मृत्युपत्र करायचं काढलं तेव्हा मला राग आला. मी एकुलता एक. औरंगाबादेत छावणीच्या अलीकडं वडिलांनी नोकरीत असताना बांधलेलं घर, पुढच्या बाजूला आम्ही आणि मागच्या दोन खोल्यांत आत्या. वाटणी मागायला दुसरं कुणी नव्हतंच. पण वडिलांना कागदावर एक ओळ हवी होती : घर मुलाचं, मात्र मागच्या दोन खोल्यांत माझी बहीण हयातभर राहील, तिला कुणी उठवू नये. आता कुणी म्हणजे कोण? घरात त्यांच्यामागे उरणार मी आणि माझी बायको.

"दादा, मी आत्याला बाहेर काढीन असं वाटतं का तुम्हाला?"

"नाय वाटत," ते म्हणाले, आणि छत्री घेऊन वकिलाकडं निघाले.

आत्या वडिलांपेक्षा मोठी. खुलताबादकडच्या आमच्या गावात वाढली, पोलीस ॲक्शननंतर लगेचच लग्न झालं आणि थोड्याच वर्षांत नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. वडिलांनी शहरात घर बांधलं तेव्हा तिला सोबत आणलं. माझी आई लवकर गेली, त्यामुळं मला तिनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल, आणि स्वयंपाकघरात तर तिच्यापुढं कुणाची टाप नव्हती. तरी तिचे कपडे मात्र कायम पत्र्याच्या पेटीत. कपाट घेऊन दिलं तर त्यात तिनं आमच्याच गोधड्या रचल्या. तिच्या खोलीत भिंतीला एक खिळा नव्हता. देव पेटीवर मांडलेले, लुगडं काढायचं झालं की आधी देव उतरवायचे. आत्या पाहुण्यासारख्या राहतात, असं माझी बायको म्हणायची. मी ते हसण्यावारी न्यायचो.

वकिलांनी सांगितलं, दोन साक्षीदार आणा. वडिलांनी, लग्नाच्या याद्या करायला बोलवावीत तशी मानाची माणसं निवडली. एक गावचे म्हातारे मास्तर आणि दुसरे खुलताबादचे, त्यांच्या कचेरीतले जुने दोस्त. दोघंही वडिलांपेक्षा वयानं मोठे. दोस्त तर दारातूनच ओरडले, "तेरे वास्ते साक्षी क्या, कबर में से बी उठके आतूं!" सह्या झाल्या, भजी झाली. मी तोंड फुगवून आतल्या खोलीत बसून होतो.

आधी मास्तर गेले. मग खुलताबादचे दोस्तही गेले. त्यांना माती देऊन आम्ही बसनं परत येत होतो. वडील घाटभर गप्प होते. मित्र आठवत असेल म्हणून मीही बोललो नाही. घाट उतरल्यावर ते म्हणाले, "दोघं बी गेले की रे."

"हो ना."

"आता साक्ष कोण देईल?"

मला हसू आवरेना. मग तेही हसले, आणि हसता हसता रुमालानं डोळे पुसले. "कबरीतून उठून येतो म्हणला होता. लबाड लेकाचा."

वकिलांनी कपाळाला हात लावला. "काका, साक्षीदार मानाचे नकोत, तरणे हवेत. तुमच्यामागं कुणी हरकत घेतली, तर यांनी आमच्यासमोर सही केली असं सांगायला ते जिवंत पाहिजेत." मी तरणा होतो, पण घर मलाच मिळणार म्हटल्यावर माझी साक्ष घेऊ नये, असंही ते म्हणाले.

इथं घोडं अडलं. गल्लीतल्या यच्चयावत तरण्या माणसांशी वडिलांनी भांडून ठेवलं होतं. शेजारी भाड्यानं राहणारं एक जोडपं होतं. त्याची स्कूटर आमच्या फाटकासमोर लागायची आणि त्यावरून रोज सकाळी वडिलांची एक फैर झडायची. त्याच दारात एके दिवशी वडील आत्याच्या हातच्या पुरणपोळ्या घेऊन गेले. वकिलांनी नवा कागद केला, वडिलांनी त्या दोघांसमोर पुन्हा सही केली आणि नवरा-बायकोनं हसत हसत साक्षीच्या सह्या केल्या.

तेव्हापासून वडिलांचा जीव त्या दोघांत अडकला. तो खोकला की इकडून काढा जायचा. रस्त्यात खड्डा पडला की आधी त्याला कळवायचं. एका रविवारी दोघं वेरूळला निघाले, तर वडील बनियनवरच फाटकाबाहेर धावले. "दोघं एका गाडीवर जाऊ नका रे! एकानं बसनं जा!" गल्ली खो-खो हसली. मला मान वर करवेना.

आत्याला हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. "भावाच्या घरात ऱ्हायला कागद लागतो व्हय? लोकं काय म्हणतील?" ती काढा उकळता उकळता कुरकुरायची. त्या बाबतीत ती आणि मी एका बाजूला होतो.

त्या रविवारी मी वडिलांवर घसरलोच. शोभा झाली म्हणालो. माझ्यावर भरवसा नाही म्हणून परक्यांच्या मागं धावता, असंही म्हणालो. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. ते बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत बसले.

"माझ्या बापानं खळ्यावर सांगितलं होतं," ते म्हणाले, "विहिरीजवळचा तुकडा पोरीचा. आम्ही तिघं भाऊ तिथं होतो. बाप गेला. अक्कानं तुकडा मागितला तर थोरले दोघं म्हणले, आबा असं कवा म्हणले? अन् सगळे माझ्याकडं बघाया लागले."

"मग?"

"थोरल्यानं माझ्या शिक्षणाचं केलं होतं. मी खाली बघितलं." ते थांबले. "लई सरळ माणूस होता थोरला. अक्काला बाहेर काढील असं त्याच्याबद्दल बी कुणाला वाटलं नसतं."

माझा राग तिथंच गेला. त्याच्या जागी वडिलांची कीव आली, आणि बापाची कीव येणं मला फार जड गेलं.

पुढं काही वर्षांनी वडील गेले. तेराव्याला गावाकडचे चुलत भाऊ आले होते. जेवणं झाल्यावर त्यांच्यातला एक सहज म्हणाला, "आत्याचं आता कसं? चल म्हणावं गावाकडं." कुणाचा हेतू वाईट नव्हता. मी आत्याला शोधत मागच्या खोलीत गेलो. पेटीला सुतळी बांधून झाली होती. देव फडक्यात गुंडाळून तिच्या मांडीवर होते.

मला भडभडून आलं. "कुठं निघालीस?" मी ओरडलोच.

"भाऊ होता तवर ठीक होतं, बाळा."

मी मृत्युपत्र आणलं आणि शेजारच्या दोघांनाही हाक मारली. सगळ्यांसमोर ती ओळ वाचली. शेजारची म्हणाली, "आत्या, काकांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्ही दोघं आहोत ना सांगायला." आत्यानं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. चुलत भाऊ उठून चहाचं बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. आत्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात हातोडी होती आणि मुठीत एक खिळा.

"एवढा ठोकून दे."

तिच्या खोलीत, भिंतीवर तिनं दाखवलं तिथं मी खिळा धरला. "काय लावायचंय?" मी विचारलं. वडिलांचा फोटो असेल, असं मला वाटलं होतं.

"तू ठोक," आत्या म्हणाली. "काय लावायचं ते मी बघीन."