काचेचा फोन आणि माझी सही

नेडा ओस्टरगार्ड माझ्या डोळ्यांत भरली ती पाचवीत असताना, एका पट्टीमुळे. शाळेच्या मैदानात बर्फ किती साचलाय ते मोजून वहीत लिहा, असं मी वर्गाला सांगितलं होतं. बाकीच्यांनी दाराशीच पट्टी खुपसली, आकडा लिहिला आणि एकमेकांच्या मानेत बर्फ कोंबायला सुरुवात केली. नेडा एकटी सात ठिकाणी जाऊन आली आणि लाल नाकानं माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"सर, सगळ्यांचे आकडे चुकलेत. माझेपण."

"का गं?"

"पट्टीचं टोक झिजलंय. पहिला अर्धा इंच नाहीच."

ती पट्टी मी अकरा वर्षं वापरत होतो.

पुढे ती मोठी झाली आणि तेच काम करू लागली. आमच्या टॅमरॅक फोर्क गावाच्या वरच्या डोंगरात हिवाळाभर दर महिन्याच्या सुरुवातीला दोन माणसं स्कीवरून जातात. ठरलेल्या दहा जागी लांब पोकळ नळी जमिनीपर्यंत बर्फात घालतात, आतल्या बर्फासकट ती तोलतात आणि आकडे सरकारी कचेरीला कळवतात. उन्हाळ्यात खालच्या बटाट्याच्या शेतांना किती पाणी मिळणार, ते त्यावरून ठरतं. नेडानं हे काम सव्वीस वर्षं केलं. जोडीला ड्वेन पिकेट असायचा. ड्वेन सतत बोलायचा आणि नेडा खिशातला उकडलेला बटाटा खात ऐकायची. त्यांचं चांगलं जमायचं.

नेडाची एक सवय गावभर थट्टेचा विषय होती. डोंगरात न्यायची कुठलीही नवी वस्तू ती आधी दोन दिवस मांसाच्या फ्रीझरमध्ये ठेवायची. मग हातमोजे चढवून, डोळे मिटून, ती वस्तू चालते का ते बघायची. आमच्या बचाव पथकाचा प्रमुख हर्शेल म्हणायचा, "नेडाकडे जेवायला जाल तर जपून. हरीण म्हणून बॅटरी वाढेल."

डोंगराकडे जाणाऱ्या पुलाच्या पलीकडे मोबाईलला रेंज नाही. म्हणून पथकानं उपग्रहावरून चालणारा फोन घ्यायचं ठरवलं. तो पथकाकडे राहणार होता आणि बर्फ मोजायला जाताना नेडा नेणार होती. विक्रेत्यानं दोन नमुने पाठवले. एक जाडजूड, बटणांचा, ओढून बाहेर काढायच्या अँटेनाचा. दुसरा सडपातळ, काचेचा. निवृत्त झाल्यापासून मी पथकाचा चिटणीस होतो. दोन्ही फोन डोंगरातल्या खिंडीत नेऊन, थंडीत आणि झाडांखाली तपासून अहवाल देण्याचं काम माझ्याकडे आलं.

नेडा मला दुकानात भेटली. "सर, हातमोजे न काढता दाबता येईल असा बघा. बाकी मला काही नको."

"बघतो की," मी म्हटलं.

मी बघितलं नाही. फेब्रुवारीतला कडाक्याचा दिवस होता आणि माझा गुडघा दुखत होता. बर्फ हटवणारी गाडी जिथून मागे वळते तिथपर्यंत मी गेलो. खिंड तिथून दीड तास चढून. मी गाडीतच बसलो, हीटर चालू ठेवला, खिडकीची काच खाली केली आणि मोकळ्या आभाळाखाली दोन्ही फोनवरून हर्शेलला फोन लावला. दोन्ही लागले. काचेच्या फोनवरची अक्षरं मोठी होती, मला चष्मा लागला नाही. घरी येऊन मी लिहिलं: "खिंडीत, उणे वीसमध्ये, झाडांखाली तपासले. दोन्ही चालतात. काचेचा अधिक सोयीचा." खाली सही केली. चाळीस वर्षं मी मुलांना न घेतलेल्या नोंदी खोडायला लावत आलो होतो. त्या दिवशी मला ते आठवलंसुद्धा नाही, हे मुद्दाम सांगतो.

तोच काचेचा नमुना पथकानं ठेवून घेतला.

पुढच्या वर्षी मार्चच्या फेरीला ड्वेनची स्की एका झाडाच्या बुंध्याभोवतीच्या पोकळीत गेली आणि त्याची मांडी मोडली. सकाळचे नऊ वाजले होते, थंडी उणे चोवीस. नेडानं कोटाच्या आतून फोन काढला. मोज्यातलं बोट काचेला कळेना. मोजे काढले, तर वरून भुरभुरणारा बर्फ काचेवर वितळून पाणी झालं आणि ओलं बोटही कळेना. ती पुसायची, दाबायची, मोजे घालायची, पुन्हा काढायची. झाडांमुळे उपग्रह सापडत नव्हता, म्हणून मोकळ्या जागेपर्यंत गेली. तिथे फोन लागतो आहेसं वाटलं आणि बॅटरी संपली. घरून निघताना ती भरलेली होती. या सगळ्यात पाऊण तास गेला.

मग तिनं ड्वेनला दोन्ही झोपण्याच्या पिशव्यांत गुंडाळलं, वाऱ्याच्या बाजूला बर्फाची भिंत रचली आणि स्कीवरून चौदा किलोमीटर खाली पुलापर्यंत येऊन मोबाईलवरून मदत मागितली. दुपारी हेलिकॉप्टरनं ड्वेनला उचललं. तो वाचला, एक पाय आखूड झाला. नेडाच्या उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापासून कापावी लागली.

पेट्रोल पंपाच्या दुकानात सकाळी आम्ही सगळे कॉफीला जमतो. तिथे आठवडाभर हाच विषय होता.

"बाई घाबरली असणार," एक जण म्हणाला. "फोन तर चांगला आहे."

"घाबरणारच," हर्शेल म्हणाला. "समोर माणूस ओरडतोय. पण फोनला नावं नका ठेवू. मास्तरांनी स्वतः खिंडीत तपासलाय. काय मास्तर?"

मी होकारार्थी मान हलवली. मग कॉफीत साखर घातली. मी साखर घेत नाही.

असे तीन आठवडे गेले. मग सरकारी कचेरीचं पत्र आलं. उपकरण नीट तपासलेलं असताना मदत मागता आली नाही, तेव्हा श्रीमती ओस्टरगार्ड या कामाला योग्य आहेत का, यावर पथकानं लेखी मत द्यावं. हर्शेलनं पत्र माझ्यापुढे सरकवलं. "तुम्हीच लिहा मास्तर. तुमची भाषा सौम्य असते. तिला लागणार नाही असं काहीतरी लिहा."

मी पत्र घेऊन नेडाकडे गेलो. ती डाव्या हातानं बटाटे सोलत होती. बटाटा टेबलावर दाबून धरलेल्या उजव्या हाताला बँडेज होतं.

"बसा सर. कॉफी तुम्हालाच करून घ्यावी लागेल."

"नेडा, मी खिंडीत गेलो नव्हतो."

तिनं सोलणं थांबवलं नाही. "मग कुठे तपासलात?"

"गाडीत बसून. हीटर लावून."

तिनं दुसरा बटाटा घेतला. मग ती म्हणाली, "फोनच्या काचेवरचा पातळ कागद तसाच होता. पथकानं दिला तेव्हा मीच काढला. तेव्हा मनात आलं होतं, खिंडीत तपासला तर हा कागद कसा राहिला?"

"मग तू फ्रीझरमध्ये का नाही ठेवलास?"

ती माझ्याकडे बघायला लागली. तिनं रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "खाली तुमची सही होती ना, सर. हरणाचं मांस बाहेर काढून जागा करायचा कंटाळा केला. गावात लोक मला बोलतायत, ते मी तेवढ्यासाठीच ऐकून घेतेय. चूक माझी आहे, मी तपासायला हवा होता."

"तुझी नाही."

"अर्धी आहे," ती म्हणाली. आकड्यांच्या बाबतीत ती कधीच कुणाला सूट देत नसे, स्वतःलाही नाही. "मी ड्वेनला विचारलं, तुला सोडून गेले तेव्हा काय वाटलं? म्हणाला, गाणी म्हणत होतो. खोटं बोलतो मेला. मी वळून बघितलं तेव्हा रडत होता."

मी कचेरीचं पत्र तिच्यापुढे ठेवलं. कॉफी मी केलीच नाही. मी उठलो तेव्हा ती म्हणाली, "खरं लिहिणार असाल तर पथकासमोर वाचूनही दाखवा. नाहीतर ते म्हणतील, म्हातारा तिला वाचवायला खोटं लिहितोय."

हे मला सुचलं नव्हतं आणि ते अगदी खरं होतं. माझं खोटं सगळ्यांनी खरं धरलं होतं आणि आता खरं सांगितलं तर तो मोठेपणा ठरला असता.

मंगळवारी पथकाच्या सभेत मी लिहिलेलं उत्तर उभ्यानं वाचलं. गाडी कुठे थांबवली, हीटर चालू होता, किती मिनिटं लागली, झाडं नव्हती, थंडी मोजलीच नव्हती, सगळं. शेवटी लिहिलं होतं की नेडानं हातमोजे न काढता दाबता येणारा फोन मागितला होता आणि मी ते तपासलंच नाही. पंपावर मान हलवली तेही लिहिलं होतं. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

हर्शेल टोपीची कड चाचपत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, मीपण तिला घाबरट म्हणालो." आणि टोपी टेबलावर ठेवत, "मला सांगितलं असतंत तर मी गेलो असतो वर. माझे गुडघे अजून चांगले आहेत."

त्याहून जास्त मला कुणी लागेल असं बोललं नाही. मी चिटणीसपद सोडलं, तेव्हा नको म्हणून आग्रहही कुणी केला नाही, आणि तेच योग्य होतं. पथकानं बटणांचा फोन घेतला. अहवालावर आता दोन सह्या लागतात. एक वर जाऊन तपासणाऱ्याची, दुसरी त्याच्याबरोबर गेलेल्याची.

कचेरीनं नेडाला काम परत देऊ केलं. पण एकदा गोठलेल्या हाताला पुन्हा थंडी लवकर धरते, म्हणून डॉक्टरांनी तिला डोंगर बंद केला. मी अजूनही पंपावर जातो. तिची गाडी समोरून गेली की ती हात वर करते, डावा, आणि मीही करतो. तिच्या घरी मात्र मी त्यानंतर गेलेलो नाही. बोलावणं दोनदा आलं होतं.

नेडा सध्या शाळेची बस चालवते. सकाळी सव्वासहाला घरून निघते, पुलापर्यंत जाते आणि अकरा मुलं घेऊन येते.